रीलवरची कुणबी साडी

हल्ली इन्स्टा उघडलं की दर दोन रीलनंतर गोव्याची कुणबी साडी, लाल-पांढऱ्या चौकड्यांची, आणि ती नेसलेली मॉडेल बरेचदा माणूसच नसते, एआयने बनवलेली असते, मागे भाताचं शेत पण कॉम्प्युटरचंच. मला त्या मॉडेलचं काही नाही, पण तिची साडी पार घोट्यापर्यंत! अहो ही चिखलात लावणी करणाऱ्या बायकांची साडी, गुडघ्यापर्यंत नेसायची आणि खांद्यावर गाठ मारायची, ब्लाउजबिउजची भानगडच नाही.

ही साडी जवळजवळ विस्मरणात गेली होती, गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती पुन्हा विणून घेतली आणि रॅम्पवर आणली. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२० मध्ये ते गेले. साडी रॅम्पवर आल्यावर पणजीच्या ऑफिसांतल्या मुलीही ती हौसेने नेसायला लागल्या, आणि जी साडी कष्टकऱ्यांची म्हणून कुणी फंक्शनला घातली नसती ती आता लग्नाला चालते, हे मला मनापासून आवडतं.

फक्त ऑनलाईन घेताना साडीच्या उलट्या बाजूचा फोटो मागा. हातमागावर चौकडा धाग्यातच विणलेला असतो त्यामुळे दोन्हीकडे सारखाच दिसतो, डिजिटल प्रिंट असेल तर मागची बाजू फिकी पडते. अर्थात पॉवरलूमवाला पण चौकडा विणतोच, म्हणजे एवढ्याने हातमाग सिद्ध होत नाही, पण प्रिंटवाले तरी गळतात. मी मागते, अर्धे विक्रेते मेसेज ‘सीन’ करून गप्प बसतात.