कास, कांदाटी खोरं, रघुवीर घाट: आणि या रस्त्यांना कुठली गाडी घ्यायची

दिवाळीनंतर पुणे–सातारा–कास–बामणोली–तापोळा–कांदाटी खोरं–रघुवीर घाट–खेड (रत्नागिरीतलं) आणि वरंधा घाटातून परत असा गोल केला. फोटो टाकल्यापासून "गाडी कुठली घेऊ" हाच प्रश्न येतोय, रस्ता कसा आहे हे कोणी विचारतच नाही, म्हणून दोन्ही एकत्रच लिहून टाकतो. चौघे होतो. माझी हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही, एकाची रॉयल एनफील्डची हिमालयन ४५०, एकाची जुनी हिमालयन ४११ आणि एकाने नवीनच घेतलेली कावासाकीची केएलएक्स २३०. वाटेत चौघांनी गाड्या भरपूर अदलाबदल करून चालवल्या, त्यामुळे खाली जे लिहिलंय ते स्पेकशीट वाचून नाही. माझी उंची पाच फूट पाच इंच, हे आधीच सांगून ठेवतो कारण पुढचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे.

पुणे ते सातारा हायवेबद्दल काय सांगणार, ११० किमी, खंबाटकी, ट्रक. इथे हिमालयन ४५०वाला राजा. ४० पीएस (म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच), सहा गिअर, शंभरला आरामात जातो आणि पुढे जाऊन चहा पिऊन आपली वाट बघत बसतो. एक्सपल्स ८०-८५ ला खूश असते, त्याच्या पुढे जाते पण ओढून नेल्यासारखं वाटतं आणि चढावर ट्रकला ओव्हरटेक करायचं तर आधी मनात हिशोब करावा लागतो. केएलएक्स त्याहून कंटाळवाणी, सीट अरुंद आहे, तासाभराने बूड सांगतं उतर. इथेच थांबून निकाल दिला असता तर सगळ्यांनी मोठी गाडी घ्यावी असंच मी लिहिलं असतं.

साताऱ्यातच टाकी फुल करा. पुढे खेडपर्यंत पंपाच्या भरवशावर राहू नका. एक्सपल्सची टाकी १३ लिटर, ४५० ची १७, ४११ ची १५, यांना चिंता नाही. केएलएक्सची फक्त ७.६ लिटर. त्याने दोन लिटरची बाटली बांधून घेतली होती, ती लागली नाही पण डोक्याला शांतता होती.

यवतेश्वरवरून कासला चढलो. फुलांचा सीझन ऑगस्टच्या शेवटापासून साधारण ऑक्टोबरपर्यंत, तेव्हा गर्दी आणि प्रवेशाचं बुकिंग असतं, दिवाळीनंतर पठार वाळलेलं आणि शांत. एक गोष्ट कडक शब्दात लिहितो. ऑफरोड गाडी आहे म्हणून सड्यावर, म्हणजे पठाराच्या उघड्या कातळावर, गाडी घालायची नाही. जांभ्यावर मातीचा थर जेमतेम काही इंचांचा असतो, त्यातच ती सगळी फुलं येतात, एकदा टायरची चाकोरी पडली की किती पावसाळे ती तशीच राहते. २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कास आहे, आणि पुढचा बराच भाग कोयना अभयारण्य म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत किंवा हद्दीला लागून आहे. गावाच्या रस्त्यावरच इतकी खडी आणि मुरूम आहे की तुमची हौस फिटेल.

कासच्या पुढे बामणोलीकडे उतरताना रस्ता लहान होत जातो आणि खाली शिवसागर, म्हणजे कोयनेचा जलाशय, दिसायला लागतो. वासोटा किल्ल्याच्या बोटी बामणोलीतून सुटतात, त्यामुळे शनिवार-रविवारी तिथे पार्किंगची मारामारी. आम्हाला तापोळ्याकडे जायचं होतं, मधे पाणी, म्हणून बार्ज, म्हणजे गाड्या नेणारी सपाट बोट. कोयना धरणाचं पाणी साठच्या दशकात इथे वर चढलं आणि खोऱ्यातली गावं काठावर सरकली, तेव्हापासून इथलं बरंचसं येणंजाणं बोटीवर आहे. आम्ही गेलो तेव्हा तापोळा–आहीर पुलाचं काम चाललं होतं, तो झाला की सोय होईल पण ही मजा जाईल.

बार्जचं नीट वाचा. वेळापत्रक पक्कं नसतं, कुठल्या धक्क्यावरून सुटेल ते पाण्याच्या पातळीवर, संध्याकाळची शेवटची फेरी चुकली तर मुक्काम तिथेच. आदल्या दिवशी ज्या होमस्टेत राहणार त्यांना फोन करून विचारून घ्या, गुगल मॅपला विचारू नका, तो पाण्यातूनच रस्ता दाखवतो. सुट्टे पैसे ठेवा, रेंज नाही तर यूपीआय कसलं. आणि चढवताना: पुढची लोखंडी फळी ओली असते, चढ असतो, आणि पायाखाली चिखल. पहिल्या गिअरमध्ये, समोर बघत, क्लच अर्धा, न थांबता. मधे थांबलात आणि पाय टेकायला गेलात की पाय घसरतो. वर गेल्यावर साइड स्टँड, गिअरमध्ये ठेवा आणि गाडीजवळच उभे राहा.

एक्सपल्स गेली, केएलएक्स गेली, कोणी बघितलंही नाही. ४५० ला मात्र क्रॅशगार्ड, दोन पॅनिअर (बाजूच्या पेट्या), वर बॅग, मालक जरा बिचकला आणि गाडी फळीवर तिरकी व्हायला लागली तसे बार्जवरचे दोघे धावत येऊन दोन्ही बाजूंनी धरून उभे राहिले. त्यातले काका माझ्या गाडीकडे बघून म्हणाले, "ही हाय ना, अशी आणावी. ती म्हंजी निस्ता लोखंडाचा भारा." ४५०वाला अजून ते विसरलेला नाही.

आता आकडे. ४५० चं भरलेल्या टाकीसह वजन १९६ किलो, ४११ चं १९९, माझीचं १५९ च्या आसपास, केएलएक्सचं १३९. कागदावर माझ्यात आणि ४५० मध्ये ३७ किलोचा फरक, त्यात सामान आणि गार्ड धरले तर पन्नासच्या पुढे. चालत्या गाडीत हे वजन जाणवत नाही, खोटं कशाला बोलू, ४५० उभं राहून चालवायला फार छान बॅलन्स्ड आहे. वजन जाणवतं ते गाडीचा स्पीड दहाच्या खाली आल्यावर. ओढ्यातल्या गोट्यांमध्ये, अरुंद रस्त्यावर समोर एसटी आली म्हणून उतारावर मागे घेताना, रस्ता खचलाय म्हणून यू टर्न मारताना, आणि अर्थातच पडल्यावर.

पडण्याबद्दल. तापोळ्याच्या पलीकडे पाणी ओलांडून कांदाटी खोऱ्यात शिरल्यावर डांबर आहे-नाही-आहे असा खेळ सुरू होतो. कुठे नवीन काँक्रीट, कुठे पावसाने उखडलेलं डांबर, कुठे रस्त्याचं काम म्हणून नुसतं डबर पसरलेलं आणि त्याच्यावर रोलर फिरलेला नाही. आकल्पे, शिंदी अशी नावं विचारत विचारत जायचं, माणसं भेटतात कमी पण भेटली की चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. अशा डबराच्या चढावर आम्ही सगळेच कधी ना कधी आडवे झालो, स्पीड १५, लागलं कोणालाच नाही. फरक उचलण्यात. केएलएक्स मी एकट्याने उचलली, एक्सपल्स एकट्याने पण दम लागला, हिमालयन दोन्हींना दोघं लागले, आणि दुपारच्या उन्हात तिसऱ्यांदा उचलताना जो थकवा येतो ना त्याच्यानंतर माणूस चालवायलाच घाबरायला लागतो, हँडल घट्ट धरतो, आणि मग अजून पडतो. माझी कसोटी ही एकच. जी गाडी तुम्ही एकटे, चढावर, दमलेले असताना उचलू शकता ती तुमची गाडी. शोरूममध्ये उचलून बघू देणार नाहीत, पण मित्राची गाडी गवतावर आडवी करून बघा. पाठ गाडीकडे, बूड सीटला टेकवून, पायाने रेटा द्यायचा, कंबरेने ओढायचं नाही.

पॉवरचं म्हणाल तर या खोऱ्यात दुसऱ्या गिअरच्या वर फारसं कोणी गेलंच नाही. १९ पीएस पण जास्त होते. इथे लागतो तो खालचा ओढा, म्हणजे क्लच सोडला तरी गाडी बंद न पडता सरकत राहणं. यात ४११ ने सगळ्यांना चकित केलं, ३२ एनएम टॉर्क (ओढ) आणि तोही खालच्या आरपीएमला, ट्रॅक्टरवाणी चढते. शिवाय सीट ८०० मिमी, माझ्यासारख्याचे दोन्ही पाय बऱ्यापैकी टेकतात. २०२३ मध्ये बंद झाली पण सेकंडहँड भरपूर मिळते, वजन झेपत असेल तर वाईट सौदा नाही. माझ्या एक्सपल्सला मी मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) दोन दात मोठं लावलंय, हायवेवर थोडं जातं, डोंगरात दुप्पट परत मिळतं.

सीटची उंची. यावर लोक उगाच घाबरतात किंवा उगाच घाबरत नाहीत. एक्सपल्स ८२५, केएलएक्स ८८०. आकडा बघून मला वाटलेलं केएलएक्सवर मी चढणारच नाही, पण सीट अरुंद आणि सस्पेन्शन मऊ, बसल्यावर खाली जाते, एका पायाचा चवडा नीट टेकतो आणि गाडी इतकी हलकी की तेवढं पुरतं. उलट रुंद सीटची ८२५ कधी कधी उंच लागते. एक्सपल्स ४व्ही प्रो मात्र ८९१ आहे, पुढच्या सस्पेन्शनचा २५० मिमीचा ट्रॅव्हल भुरळ घालतो, पण माझ्या उंचीच्या लोकांनी आधी बसून बघावं आणि मगच पैसे भरावेत.

टायर आणि चाकं. पुढे २१ इंच असेल तर गोट्यांवरून, खड्ड्यांवरून चाक निघून जातं, १९ वाली अडखळते. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स चांगली गाडी आहे, गावरस्त्याला आणि लांब पल्ल्याला मस्त, पण १९ इंची अलॉय आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंद करता येत नाही, म्हणून या रूटला मी ती सुचवणार नाही. खडीच्या उतारावर मागचा एबीएस बंद करता यायलाच हवा, नाहीतर ब्रेक दाबला की पेडल नुसतं थरथरतं आणि गाडी आपली चाललीच आहे.

डबर सुरू झालं की हवा कमी केली, पुढे-मागे २० पीएसआयच्या जवळ. त्याच्या खाली ट्यूबवाल्या चाकात जाऊ नका, दगडावर रिम आपटून ट्यूब चावली जाते. सोबत २१ इंची पुढची ट्यूब एकच ठेवा, अडचणीत ती मागच्या १८ मध्येही कोंबता येते, उलटं जमत नाही. टायर लिव्हर, पॅच, पायपंप, आणि हे सगळं घरी एकदा वापरून बघितलेलं असावं, कारण खोऱ्यात पंक्चरवाला नाही. क्लच आणि ब्रेक लिव्हर जादाचे. एम-सील.

सामान मऊ बॅगेत, गच्च बांधून, मागच्या चाकाच्या पुढे जितकं येईल तितकं. लोखंडी पेट्या घरी ठेवा, गाडी पडली आणि पाय त्याखाली आला तर घोटा जातो. बूट घोट्याच्या वरपर्यंतचे, गुडघ्याचे गार्ड, यावर पैसे वाचवू नका, हेडलाइटच्या जादा दिव्यांवर वाचवा.

मुक्काम आम्ही तापोळ्याच्या बाजूला केला. होमस्टे आहेत, तांदळाची भाकरी, कोयनेतला मासा, आधी सांगितलं तर गावठी कोंबडी. रात्री बऱ्यापैकी थंडी, नोव्हेंबरात स्वेटर लागतोच.

दुसऱ्या दिवशी रघुवीर घाट. वरून कोकण एकदम उघडतं, खाली खोपीचं धरण, एका बाजूला कडा आणि दुसरीकडे नुसती हवा. रस्ता आहे, पण वळणांवर दगड पडलेले असतात आणि कठडा प्रत्येक ठिकाणी असेलच असं नाही. इथे स्टंट नको. पावसाळ्यात दरडी येतात, प्रशासन बरेचदा पर्यटकांना बंदी घालतं, त्यामुळे ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्चनंतर धूळ आणि ऊन, जमेल पण मजा नाही.

आता पैशाचं बोलू. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्यावरच्यांवर ४० टक्के, म्हणजे २०० आणि ४५० मधलं अंतर अजून वाढलं. केएलएक्स डिसेंबर २०२४ मध्ये आली तेव्हा ३.३० लाख एक्स-शोरूम होती, त्या भावात मी तिला हसलो असतो. आता ती बरीच खाली आलीय, शोरूमला जाऊन आजचा भाव विचारा. एक्सपल्स २१० ची मी फक्त टेस्ट राइड घेतलीय, २४.६ पीएस, सहावा गिअर, हायवेचं रडगाणं बरंच कमी झालंय, वजन १७० च्या आसपास गेलंय. आज नवीन घेणार असतो तर तीच घेतली असती बहुतेक. केटीएम ३९० एन्ड्युरो आर ताकदवान आहे पण टाकी ९ लिटरची आणि नवशिक्याला एवढा थ्रॉटल रेस्पॉन्स डबरावर नकोच.

सेकंडहँड घेत असाल तर: पुढचं चाक उचलून फिरवा आणि आउट, म्हणजे वाकडं फिरतं का, बघा, स्पोक वाजवून बघा, फोर्कच्या सीलवर तेल आहे का, हँडल डावी-उजवी फिरवताना मधे खटकतं का (कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय), आणि बॅशप्लेट (इंजिनखालची संरक्षक पट्टी) खालून वाकून बघा, मालक "फक्त ऑफिसला वापरली" म्हणत असला तरी ती खरं सांगते.

तुमचं रायडिंग मागे बायको, दोन पॅनिअर आणि गोवा असं असेल तर सरळ हिमालयन घ्या, त्यात कमीपणा काही नाही. आमचा ४५०वाला विकणार नाहीये, त्याने फक्त जाहीर केलंय की पुढच्या वेळी खोऱ्यात येताना पेट्या आणि क्रॅशगार्ड काढून येणार.

खेडला पोचल्यावर हवा परत भरली, पेट्रोल टाकलं, मुंबई–गोवा हायवेने कशेडीच्या बोगद्यातून पोलादपूर, महाड, तिथून वरंधा. वाघजाईला भजी. वरंधा कधीही दुरुस्तीसाठी बंद असतो, महाडमध्ये विचारून मगच चढा. बंद असेल तर मागे पोलादपूरला येऊन आंबेनळीने महाबळेश्वर आणि वाईवरून पुणे. घरी आल्यावर चेन धुवाच पण एअर फिल्टर पण उघडून बघा, आमचा चौघांचाही लाल झाला होता.