शेतातलं नाणं आणि ते कुठे होतं ही गोष्ट

मेटल डिटेक्टर म्हटलं की लोकांना लगेच हंडा दिसायला लागतो, मोहरांनी भरलेला वगैरे. प्रत्यक्षात शेतात निघतं काय तर गंजके खिळे, नट-बोल्ट, घोड्याचे नाल, बटणं, शिशाचे तुकडे, बाटल्यांची बुचं आणि फॉइल, फॉइल तर विचारूच नका. मधेच एखादं नाणं, तेही इतकं झिजलेलं की कुणाचा छाप आहे तेच कळत नाही. तरी नाद सुटत नाही हे खरंय.

डिटेक्टरच्या कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, खाली धातू असला की त्यात बारीक विद्युतप्रवाह फिरतात आणि त्यांचा प्रतिसाद दुसरी कॉइल पकडते. तो प्रतिसाद किती मागे पडतो यावरून मशीन अंदाज बांधतं की चांदी-तांबं आहे का लोखंड. अंदाजच हां. गंजलेला मोठा पत्रा मस्त नाण्यासारखा वाजतो, उभं अडकलेलं नाणं धड वाजतच नाही आणि फॉइल आणि सोन्याचं छोटं नाणं यांचे आकडे स्क्रीनवर जवळपास सारखेच येतात, म्हणजे फॉइलचा कंटाळा करून ते सिग्नल बंद केले की सोनंही गेलंच. यूट्यूबवाले हे सांगत नाहीत.

बाकी टेक्निक फार नाही. कॉइल जमिनीला जवळजवळ टेकलेली, हात हळू, आणि आधीच्या फेरीवर पुढची थोडी चढलेली. वीतभर खोलीच्या पुढे एकट्या लहान नाण्याची फार आशा धरू नका. तसंही नांगराने तेवढी माती दरवर्षी उलटीपालटी केलेली असते, त्यामुळे वरच्या थरातलं नाणं मूळ जागेवरून हललेलंच असतं. तरी जीपीएसवर जागा नोंदवा, कारण तशाच नाण्यांचे ठिपके एका भागात जमायला लागले तर तिथे काहीतरी होतं एवढं तरी कळतं.

खरी परीक्षा नांगराच्या खाली काही लागलं तर असते. २०१० मध्ये इंग्लंडात फ्रोमजवळच्या एका शेतात डेव्ह क्रिस्प यांना सिग्नल मिळाला, खणल्यावर खापर आणि छोटी छोटी रोमन नाणी दिसली, आणि हा माणूस थांबला! खड्डा बुजवला आणि पुरातत्त्ववाल्यांना कळवलं. मी असतो तर थांबलो असतो का, देव जाणे. पुरातत्त्ववाल्यांनी ते नाण्यांनी भरलेलं भांडं थराथराने रिकामं केलं, नाणी निघाली ५२,५०३, वजन १६० किलोच्या आसपास. पण मला आकड्यापेक्षा पुढचं भारी वाटतं. त्यात कॅरॉशियस या रोमन सेनापतीची नाणी होती, याने ब्रिटनमध्ये इ.स. २८६ ते २९३ सत्ता बळकावली होती, म्हणजे हंड्यातली ही सगळ्यात नव्यांपैकी. वर्षानुवर्षं थोडी थोडी साठवली असती तर ती वरच्या थरात हवीत ना? ती बरीचशी निघाली भांड्याच्या निम्म्याच्याही खाली. म्हणजे सगळं एकाच वेळी ओतलं असणार. घाईघाईत पोत्यात भरून आणलं असतं तर नाणी तीच राहिली असती, पण हे कुणाच्या बापाला कळलं नसतं.

कायदा देशागणिक वेगळा आहे, तो आधी वाचा. इंग्लंडात १९९६ च्या कायद्याने ३०० वर्षांपेक्षा जुनी, एकाच ठिकाणची दोन सोन्या-चांदीची नाणी मिळाली तरी १४ दिवसांत कळवावं लागतं. काही देशांत तर परवान्याशिवाय शोधायलाच बंदी आहे. आणि शेतमालकाची परवानगी सगळीकडेच हवी, शक्यतो लेखी, आणि सापडलेल्याचं काय करायचं तेही आधीच बोलून घ्या, कारण नाणं हातात आल्यावर ती बोलणी गोड राहत नाहीत.

अजून एक, नाणं तिथल्या तिथे पँटला घासू नका. चिकटलेली माती म्हणजे वाळूच असते, सगळे बारकावे जातात. ब्रश, लिंबू, पितांबरी काही नको, तसंच मऊ कागदात गुंडाळून डबीत ठेवा आणि नाण्यांची जाण असलेल्याला दाखवा.