किरकोळ कारणांचा थाट

बरोक ही युरोपातली जुनी, थाटामाटाची कलाशैली म्हटलं की सोनेरी मुलामा, गुबगुबीत गालांचे देवदूत आणि छतभर ढगांची दाटी. चर्चच्या आत हे सगळं वर बघता बघता माझी तर मान अवघडते. हंगेरीतल्या ग्योर या जुन्या कॅथेड्रलच्या गावात मात्र बरोक रस्त्यावर उतरून भेटतं, आणि त्याच्या थाटामागे बऱ्याचदा एखादी भलतीच भानगड निघते.

गुटेनबर्ग चौकाचंच बघा. कॅथेड्रलच्या टेकडीखाली, जरा उतारावरच्या या चौकात दोन देवदूतांनी बायबलमधली कराराची पेटी धरली आहे. शिल्प असं ऐटदार की वाटावं, मोठी लढाई जिंकली असणार. प्रत्यक्षात झाली होती झटापट. 1729 साली कॉर्पस क्रिस्टी या कॅथलिक सणाची मिरवणूक चालली होती. तिच्या गर्दीत एक पळपुटा शिपाई घुसला आणि त्याला पकडायला त्याच्यामागे सैनिकही घुसले. त्या ढकलाढकलीत पवित्र प्रसादाचं पात्र खाली पडून फुटलं. बोभाटा राजापर्यंत गेला. राजा तिसऱ्या कारोयने प्रायश्चित्त म्हणून 1731 मध्ये हे शिल्प उभारून दिलं, आराखडा वास्तुरचनाकार धाकट्या फिशर फॉन एर्लाखचा. पोलिसी धांदलीची भरपाई इतकी देखणी दुसरीकडे कुठे झाली असेल, असं मला वाटत नाही.

सेचेन्यी चौकातल्या मेरीच्या स्तंभाला कारण तरी भारदस्त आहे: 1686 मध्ये बुदा, म्हणजे आजच्या बुडापेस्टचा एक भाग, तुर्कांच्या हातून सुटलं, त्याचा आनंद. समोर जेझुइट या कॅथलिक पंथाने बांधलेलं, आता बेनेडिक्टाइन या दुसऱ्या पंथाकडे असलेलं दोन मनोऱ्यांचं चर्च. पण त्याच चौकात एका घराच्या कोपऱ्यावर खिळ्यांनी मढवलेला लाकडाचा बुंधा आहे. गावातून जाणारे फिरस्ते कारागीर आठवण म्हणून त्यात एकेक खिळा ठोकत, असं सांगतात. व्हिएन्नातही असाच एक बुंधा आहे, म्हणजे कल्पना उसनी. असू दे.

तुर्कांनी ग्योर 1594 मध्ये घेतलं आणि चारच वर्षांत गमावलं. दंतकथा अशी की, गावातला लोखंडी कोंबडा आरवेल तेव्हाच ग्योर हातचं जाईल, अशी त्यांची बढाई होती. तो आरवला म्हणे! डॅन्यूब वेशीच्या चौकात चंद्रकोरीवर उभा असलेला तो कोंबडा आजही तोऱ्यात आहे.

मला सगळ्यात आवडतात ते जुन्या घरांच्या कोपऱ्यांवरचे बंद सज्जे. पहिल्या मजल्याची भिंत अचानक रस्त्यावर झुकल्यासारखी पुढे येते, खाली कोरीव दगडी टेकू, वर तिन्ही बाजूंना खिडक्या. आत बसलं की दोन्ही रस्ते नजरेखाली: कोण आलं, कोण कुणाबरोबर गेलं. भोचकपणाची इतकी रेखीव सोय बघून वास्तुरचनाकाराला दाद द्यावीशी वाटते.

किराय गल्लीत, म्हणजे राजाच्या गल्लीत, 1809 च्या ऑगस्टअखेरीस नेपोलियन एक रात्र मुक्कामाला होता. तेवढ्यावर घराला त्याचं नाव कायमचं चिकटलं. घर मूळचं बेझेरेडींचं. त्यांच्या नावाने पत्ता विचारत कुणी येत नाही.