यादीत नसलेली दारं

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकाला तिथल्या संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. त्यासाठी ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही की कायमच्या वास्तव्याचा परवाना. भारत राष्ट्रकुलात (कॉमनवेल्थमध्ये) असल्यामुळे वैध व्हिसा, अठरा वर्षं पूर्ण आणि राहता पत्ता एवढं पुरतं. लंडनमध्ये वर्षानुवर्षं राहिलेल्या मराठी मंडळींना हे सांगितलं की बऱ्याच जणांचा विश्वास बसत नाही. मला ते ऑफिसमधल्या घानाच्या एका सहकाऱ्याने सांगितलं. त्याचाही देश राष्ट्रकुलातला आणि तो कित्येक वर्षं मत देत होता.

२२ मे २०२४ ला तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी भर पावसात डाउनिंग स्ट्रीटवर उभं राहून ४ जुलैची निवडणूक जाहीर केली. नाव नोंदवायची मुदत १८ जूनपर्यंत होती. सरकारी संकेतस्थळावर नाव, पत्ता, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर (काम करणाऱ्या प्रत्येकाला मिळणारा सरकारी क्रमांक) भरला आणि काम झालं. ना रांग, ना झेरॉक्स, ना कुणाची सही. थोड्याच दिवसांत काउन्सिलचं, म्हणजे तिथल्या पालिकेचं, नाव नोंदल्याचं पत्र आलं, मग मतदान केंद्राची माहिती देणारं पोल कार्ड. सोपं होतं, आणि म्हणूनच पुढे जे पाहिलं ते जास्त लागलं.

मत कुणाला द्यायचं याबद्दल माझ्या मनात गोंधळ नव्हता. मी सोलापूरची. माझी आत्या आयुष्यभर विड्या वळत आली. आमच्याकडे लाल बावटा म्हणजे भाषणं नव्हती, घरं होती. मार्क्सवादी कम्युनिस्ट नेते आडम मास्तरांच्या पुढाकाराने कुंभारीजवळ विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. त्यासाठी किती मोर्चे निघाले, किती वर्षं कागद हलले, हे ऐकतच मी मोठी झाले. त्यामुळे डावा उमेदवार म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, निवडणूक नसते तेव्हा हा माणूस काय करतो?

मी तेव्हा उत्तर लंडनमध्ये हॉलोवेला भाड्याने राहत होते, म्हणजे इझलिंग्टन नॉर्थ मतदारसंघात. १९८३ पासून तिथले खासदार डाव्या विचारांचे जेरेमी कॉर्बिन. २०१७ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मजूर पक्षाला ४० टक्के मतं मिळाली होती, २०१९ मध्ये दारुण पराभव झाला. पुढे पक्षाचे नवे नेते कीर स्टार्मर यांच्या काळात आधी त्यांना संसदीय पक्षातून बाजूला केलं, मग उमेदवारीच नाकारली. मे २०२४ मध्ये ते अपक्ष उभे राहिले. समोर मजूर पक्षाचे प्रफुल्ल नारगुंद, भारतीय वंशाचे उद्योजक आणि तिथलेच नगरसेवक.

"आपला माणूस उभा असताना तू त्या म्हाताऱ्याच्या मागे कशाला?" असं ओळखीतल्या एका काकांनी विचारलं. सुनक पंतप्रधान झाले तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते. मी त्यांना म्हटलं, काका, याच सुनकांच्या काळात व्हिसावरच्या माणसाचा आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड झाला, कुशल कामगारांच्या व्हिसाची पगाराची अट ३८,७०० पौंडांवर गेली आणि वृद्धांची सेवा करणाऱ्या केअर वर्करना बायकोमुलं आणायची बंदी झाली. आडनावावरून धोरण कळत नाही. काका काही बोलले नाहीत, पण रागावलेही नाहीत.

कॉर्बिन यांच्या प्रचाराला जायचं तर व्हिसाची धाकधूक होतीच. विचारपूस केली, नियम वाचले. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून काम करायला काहीच हरकत नव्हती. मग शनिवार-रविवार आणि ऑफिसनंतरच्या संध्याकाळी जायला लागले. जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो.

आपल्याकडचा प्रचार डोळ्यांसमोर ठेवून गेलेल्या माणसाला तिथे चुकल्यासारखं वाटेल. सभा आणि मिरवणुका फारशा नाहीत, हार-तुरे तर नाहीतच. सगळा भर दारावर. पाच-सहा जणांची टोळी निघते. एकाच्या हातात पॅड, त्यावर त्या गल्लीतल्या मतदारांची घरनिहाय यादी. तो रस्त्यात थांबतो आणि बाकीच्यांना सांगतो, तू १४ ला जा, तू १८ ला, अमुक नावाने विचार. आपण दार वाजवायचं, बोलायचं आणि परत येऊन सांगायचं: पक्का, डळमळीत की विरोधात. पॅडवाला खूण करतो. मतदानाच्या दिवशी फक्त पक्क्यांची दारं पुन्हा वाजवायची, मत दिलं का म्हणून. या पद्धतीची घडी बसवली ती इयन मिकार्डो यांनी, १९४५ मध्ये रेडिंगची जागा मजूर पक्षासाठी जिंकताना. आज यादी मोबाइलवर आली, तरी मूळ रीत तीच.

पत्रकं टाकणं हेही वेगळंच काम. दारातली पत्रपेटी म्हणजे एक फट. आत ताठ ब्रश आणि वर जोरात मिटणारी स्प्रिंगची पट्टी. बोटं सोलवटून निघतात, आतून कुत्रं झडप घालतं ते वेगळंच. जुन्या कार्यकर्त्या पिशवीत लाकडी उलथनं ठेवतात. पत्रक त्यावर धरायचं आणि आत सारायचं. तीस-चाळीस वर्षं मजूर पक्षाचं काम करून त्या उन्हाळ्यात पक्ष सोडलेल्या एका आजींनी मला त्यांचं उलथनं दिलं. पक्ष सोडताना त्यांना झालेला त्रास त्या बोलल्या नाहीत, पण नारगुंदांच्या कार्यकर्त्यांमध्ये त्यांच्या जुन्या मैत्रिणी होत्या आणि रस्त्यात भेट झाली की दोघींच्याही माना खाली जायच्या. तो भाग मला फार जड गेला.

अपक्षाची मोठी अडचण असते माहितीची. उमेदवाराला कायद्याने मतदार यादीची प्रत मिळते, पण कुठल्या घरात कोण आपलं, ही वर्षानुवर्षांची नोंद पक्षाच्या मालकीची. ती पक्षाकडेच राहते. म्हणजे जवळजवळ प्रत्येक दार नव्याने वाजवणं आलं. दारावर मात्र कामाची ओळख निघायची. कुणाच्या आईच्या घराच्या ओलीसाठी कॉर्बिन यांनी काउन्सिलला पत्रं लिहिली होती, कुणाच्या भावाच्या व्हिसासाठी. "त्यांचं परराष्ट्र धोरण मला पटत नाही, पण माझं मत त्यांनाच," असं म्हणणारे भेटले. गाझावरच्या त्यांच्या भूमिकेसाठी मत देणारे भेटले, आणि त्याच भूमिकेमुळे दार लावून घेणारेही.

आता मुख्य गोष्ट. सेव्हन सिस्टर्स रोडच्या मागे काउन्सिलच्या वसाहती आहेत. एका मजल्यावर आठ दारं. पॅडवाला म्हणाला, २१, २२, २६ आणि २८. बाकीची? "यादीत नाहीत." म्हणजे तिथे माणसं राहत होती, पण मतदार नव्हते. प्रचाराचा वेळ थोडा, म्हणून नियम असा की यादीत नाही ते दार वाजवायचं नाही. तरी मी २३ नंबर वाजवलं, कारण आतून स्वयंपाकाचा वास येत होता आणि मुलांचा आवाज. दार उघडलं नायजेरियाच्या एका बाईंनी. रात्रपाळीला ऑफिसं झाडून आलेल्या, डोळे तारवटलेले. न्हाणीघराच्या छतावर काळी बुरशी पसरली होती. ती दाखवायला त्या मला सरळ आत घेऊन गेल्या. माझ्या हातात पत्रक पाहून त्यांना वाटलं मी काउन्सिलकडून आले. मी समजावलं. त्या म्हणाल्या, "मला कुठे मत आहे? मी या देशाची नाही."

नायजेरियाही राष्ट्रकुलात आहे. त्यांना मत होतं. त्यांच्याच मोबाइलवर आम्ही दोघींनी फॉर्म भरला. नॅशनल इन्शुरन्स नंबर पगाराच्या चिठ्ठीवर सापडला. मुलगा मागे उभा राहून स्पेलिंग तपासत होता. मुदत संपायला दोन-चार दिवस होते. पुढच्या आठवड्यात नोंदणीच बंद झाली आणि त्यानंतर भेटलेल्या अशाच दुसऱ्या एका कुटुंबाला मला "आता या वेळी नाही" असं सांगावं लागलं.

सगळ्यांना मत असतं असंही नाही. शेजारच्या नेपाळी दादांना नव्हतं, कारण नेपाळ राष्ट्रकुलात नाही. पोर्तुगालच्या बाईंना स्थानिक निवडणुकीत होतं, संसदेसाठी नव्हतं. कर मात्र तेही भरतात.

या रिकाम्या नावांमागे कारणं आहेत. २०१४ पर्यंत घरातला एक जण सगळ्यांची नावं भरून द्यायचा, आता ज्याचं त्याने नोंदवायचं. भाड्याने राहणारा दर वर्ष-दोन वर्षांनी घर बदलतो आणि दर वेळी यादीतून गळतो. स्वतःच्या घरात वीस वर्षं बसलेला माणूस गळत नाही. इलेक्टोरल कमिशनच्या, म्हणजे तिथल्या निवडणूक आयोगाच्या, २०२३ च्या अंदाजानुसार पात्र असूनही यादीत नसलेले किंवा चुकीच्या पत्त्यावर असलेले लोक ८० लाखांपर्यंत असू शकतात. आणि मतदारसंघांच्या हद्दी लोकसंख्येवर नाही, नोंदलेल्या मतदारांवर आखतात. २०२४ ला बहुतेक मतदारसंघांत ६९,७२४ ते ७७,०६२ मतदार हवेत असा दंडक होता. म्हणजे २३ नंबरच्या बाई नुसत्या मत देत नव्हत्या असं नाही, त्या मोजल्याच जात नव्हत्या. गरीब वस्तीचा आवाज मतपेटीपर्यंत पोहोचण्याआधीच बारीक होतो तो असा. डाव्यांनी जाहीरनाम्याआधी या यादीवर काम करायला हवं, हे मला त्या मजल्यावर पटलं.

याच इझलिंग्टनमध्ये फिन्सबरी आहे. तिथून १८९२ मध्ये दादाभाई नौरोजी अवघ्या पाच मतांनी संसदेत गेले. पाच! यादीतलं एक-एक नाव म्हणजे काय, हे त्या आकड्यात दिसतं. पुढे १९२२ मध्ये मुंबईत जन्मलेले कम्युनिस्ट शापूरजी सकलातवाला मजूर पक्षाच्या पाठिंब्याने बॅटर्सी नॉर्थमधून निवडून आले. आपल्याकडच्या माणसांनी तिथे डावं राजकारण करणं ही काही नवी गोष्ट नाही.

मतदान गुरुवारी होतं आणि सुट्टी नसते. सकाळी सात ते रात्री दहा. माझं केंद्र एका प्राथमिक शाळेत होतं. ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट दाखवला, चालतो. मतपत्रिका कागदी, दोरीने बांधलेली पेन्सिल, फुली मारायची, घडी घालून काळ्या पेटीत टाकायची. बोटाला शाई नाही. नंतर दोन तास मी दारात 'टेलर' म्हणून बसले. म्हणजे मत देऊन येणाऱ्याला त्याचा मतदार क्रमांक विचारायचा. तो दिला तर ठीक, नाही दिला तरी ठीक. समोर मजूर पक्षाचा टेलर होता, एक तरुण मुलगा. त्याने मला पाणी दिलं.

एक विद्यार्थी आत गेला आणि लगेच परत आला. यादीत नाव होतं, पण जवळ फक्त कॉलेजचं कार्ड. २०२२ च्या निवडणूक कायद्याने फोटोचं ओळखपत्र सक्तीचं केलं. त्यात साठीच्या पुढच्यांचा प्रवास पास चालतो, विद्यार्थ्यांचा चालत नाही. असं ओळखपत्र नसणाऱ्यांसाठीच्या मोफत मतदार प्रमाणपत्राला अर्ज करायची मुदत २६ जूनला संपली होती. त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. हा नियम कुणाला जपतो आणि कुणाला अडवतो, यात मला शंका उरली नाही.

संध्याकाळी सहानंतर पुन्हा जिने. पक्क्यांची दारं. साडेआठला २३ नंबरच्या बाई कामावर निघालेल्या जिन्यात भेटल्या. "दिलं," म्हणाल्या आणि बससाठी पळाल्या.

निकाल पहाटे लागला. कॉर्बिन २४,१२०, नारगुंद १६,८७३. आनंद झालाच. पण त्याच रात्री लंडनच्याच चिंगफर्ड मतदारसंघात ऐनवेळी मजूर पक्षाने उमेदवारी काढून घेतलेल्या फैझा शाहीन अपक्ष लढल्या. त्यांना आणि मजूर पक्षाच्या उमेदवाराला प्रत्येकी साडेबारा हजारांच्या आसपास मतं पडली आणि हुजूर पक्षाचे इयन डंकन स्मिथ निवडून आले. सर्वाधिक मतं तो विजयी या पद्धतीत फाटाफुटीची किंमत अशी मोजावी लागते. देशभरात मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतांवर ४११ जागा मिळाल्या, आणि मतदान जेमतेम ६० टक्के. पक्षाला एकूण मतं २०१९ च्या पराभवातल्यापेक्षाही कमी होती. एवढ्या उथळ पाण्यावर एवढं मोठं जहाज! पुढच्या तीन आठवड्यांत, २३ जुलैला, दोनपेक्षा जास्त मुलांच्या भत्त्यावरची बंदी उठवा म्हणून मत देणाऱ्या सात खासदारांना पक्षाने निलंबित केलं. २०२५ च्या नोव्हेंबरात त्याच सरकारने ती बंदी एप्रिल २०२६ पासून उठवण्याची घोषणा केली. त्या सात जणांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून बरोबर होतं.

जुलै २०२५ मध्ये सरकारने मतदानाचं वय सोळा करण्याची, बँकेचं कार्ड ओळख म्हणून स्वीकारण्याची आणि आपोआप नोंदणीकडे जाण्याची घोषणा केली. त्यातली शेवटची गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते, आणि तिच्याचबद्दल डाव्यांमध्ये सगळ्यांत कमी बोललं जातं. मी नंतर घर बदललं, तेव्हा सामान उघडायच्या आधी फॉर्म भरला. तुम्ही ब्रिटनमध्ये असाल आणि भारतीय पासपोर्टवर असाल, तर तुम्हीही भरा. जुन्या पत्त्यावरचं नाव आपणहून नव्या पत्त्यावर येत नाही. आणि शेजारी केअर वर्कर असेल, टॅक्सी चालवणारा असेल, ऑफिसं झाडणारी बाई असेल, तर त्यांना त्यांच्या पासपोर्टवरचा देश विचारा. तो राष्ट्रकुलात असेल तर फॉर्म भरताना शेजारी बसा. पगाराच्या चिठ्ठीवर नॅशनल इन्शुरन्स नंबर असतो.