उणे तीस मीटर दोरी

जुलै महिना, बाहेर भुरभुर पाऊस, आणि आत अकरावीच्या वीस जणांच्या बॅचचं साध्या लोलकाचं प्रॅक्टिकल. दोरी १०० सेंटिमीटर ठेवा, वीस आंदोलनांचा वेळ घ्या, त्याला वीसनं भागा, सूत्रात घाला, जी म्हणजे गुरुत्वत्वरण काढा. गंगापूर रोडवरच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात हे इतक्या वेळा घेतलंय की जर्नल उघडण्याआधीच चुका सांगता येतात. दर वर्षी कुणीतरी वीसनं भागायचं विसरतं आणि पृथ्वीचं गुरुत्व चंद्रापेक्षाही कमी भरतं.

त्या दिवशी निफाडकडून एसटीनं येणाऱ्या एका मुलानं लिहिलं होतं : जी = ९८७ मीटर प्रति सेकंद वर्ग. मी लाल पेननं काट मारली.

"अरे, एवढं गुरुत्व असतं तर तुझं पाच किलोचं दप्तर पाचशे किलोचं झालं असतं."

"कॅल्क्युलेटरनं तेच दिलं, मॅडम."

दिलं होतं खरं. लांबी त्यानं १०० अशीच घातली होती, म्हणजे उत्तर आलं ते सेंटिमीटरमध्ये, आणि ९८७ सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग हे अगदी चांगलं उत्तर आहे. पुढे एकक मात्र पुस्तकातलं चिकटवलं होतं. म्हणजे आकडा बरोबर होता. काट मारायची घाई माझीच.

मीटर कसे करशील, विचारलं तर म्हणाला, "शंभरनं... गुणायचं?" घरी कांदा आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून म्हटलं, क्विंटलचे किलो करतोस तसंच. तो थोडा थांबला. "पण मॅडम, ते दोन्हीकडून होतं. तीन क्विंटल माल म्हणजे तीनशे किलो, तिथं गुणायचं. लासलगावला भाव अठराशे निघाला तर किलोला अठरा, तिथं भागायचं. मग इथं कुठलं?"

मी गप्पच झाले. पोरं गुणू की भागू विचारतात तेव्हा आम्ही त्यांना ढ समजतो. याला तर एकक वर असलं की काय आणि 'प्रति'च्या खाली असलं की काय, हा फरक बाजारात कळलेला होता. दोरी म्हणजे माल की भाव, एवढंच विचारलं. "माल. सेंटिमीटर लहान, मीटर मोठा, म्हणजे आकडा कमी होणार. एक मीटर."

आता मला चेव आला. "बरं, बरोबर एका सेकंदात एक आंदोलन हवं. दोरी किती घेशील?" जीचं सूत्र त्याला पाठ होतं : ४ × पाय² × लांबी ÷ टी² (पाय म्हणजे π, टी म्हणजे एका आंदोलनाचा वेळ). लांबी एकटी करायची होती. त्यानं लिहिलं, लांबी = जी × टी² − ४ × पाय². बटणं दाबली. उणे २९.७.

"मीटर?"

"हो." मग स्वतःच हसला. "तिकडं गेलं की चिन्ह बदलतं ना?"

ते वाक्य आठवीपासून त्याच्या कानावर असणार. त्याच सकाळी फळ्यासमोर मीही 'हे तिकडे न्या' असं तीनदा म्हटलं होतं. जणू पदं एसटीत बसून जातात. मी वहीत १२ = ३ × ४ लिहिलं आणि ३ झाकला. "चार एकटा हवा. काय करशील?" "बारातून तीन..." म्हणाला, नऊ आले, जीभ चावली. "तीननं भागायचं. दोन्हीकडं." पुढं मला बोलावं लागलं नाही. लांबी = जी × टी² ÷ (४ × पाय²), साधारण ०.२५ मीटर.

घंटा झाली, बाकीचे गेले. त्यानं फूटपट्टीनं २५ सेंटिमीटर दोरी मोजली, गोळा अडकवला, वीस आंदोलनं घेतली. स्टॉपवॉचवर २०.५.

"अर्धा सेकंद जास्त कसा?"

"तू कुठपर्यंत मोजलीस?"

"गाठीपर्यंत." गोळ्याकडे बघत राहिला. मग गोळ्याचा व्यास मोजायला कपाटातली व्हर्नियर मागितली.