तिसरी मिती आणि तिला लागणारा वेळ

रविवार, 21 डिसेंबर 2025

‘अवतार’चा तिसरा भाग पाहून आले. तीन तास सतरा मिनिटं. पाय आखडलेत, डोळे चुरचुरतायत, पण डोक्यात इतकं काही चाललंय की झोप लागणार नाही. म्हणून लिहायला बसले.

आवडलं ते आधी. दुसऱ्या भागात नायकाच्या, म्हणजे जेक सलीच्या, कुटुंबातला थोरला मुलगा गेला, आणि घरातलं माणूस गेल्यावर उरलेल्यांचं काय होतं ते या भागात मनापासून दाखवलंय. बाप स्वतःला कामात गाडून घेतो, आई आतल्या आत जळत राहते, आणि दोघांना एकमेकांशी बोलता येत नाही. राखेच्या टोळीची म्होरकी वरांग पडद्यावर आली की नजर दुसरीकडे जात नाही. ती साकारणाऱ्या ऊना चॅप्लिनचं काम बघाच. कथा मात्र दुसऱ्या भागाच्या वळणांवरून पुन्हा पुन्हा फिरते, त्यातली निदान वीस मिनिटं सहज कमी झाली असती. ते असो.

मला लिहायचंय ते थ्रीडीबद्दल. पहिला ‘अवतार’ 18 डिसेंबर 2009 ला आला. त्याची सुरुवात मी अजून विसरलेले नाही. जेक यानात जागा होतो, डोळ्यांसमोर पाण्याचे थेंब तरंगत असतात, मग तो पेटीतून बाहेर येतो आणि त्याच्यामागे झोपलेल्या माणसांच्या पेट्यांची रांगच्या रांग लांबवर गेलेली दिसते. अंगावर काहीच फेकलेलं नाही. पडद्याला खिडकी केलंय आणि तिच्यापलीकडे जागाच जागा आहे. दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉनची ही रीत तिन्ही भागांत टिकून आहे. दोन डोळ्यांना जरा वेगवेगळं चित्र दिसतं आणि मेंदू त्यातून अंतर काढतो, एवढंच हे तंत्र. पण कुठल्या शॉटमध्ये ते अंतर किती ठेवायचं, हे शूटिंगच्या आधी ठरवावं लागतं. त्यासाठी कॅमेरॉननं व्हिन्स पेस या कॅमेरातज्ज्ञाबरोबर कॅमेरेच वेगळे घडवून घेतले. पुढचा भाग यायला तेरा वर्षं गेली. तेवढ्यात ‘अवतार’ कुणाच्या लक्षातही राहिला नाही असं कितीतरी जण म्हणत होते. 2022 च्या डिसेंबरात तो आला आणि दोन अब्ज डॉलरच्या वर गेला.

लहानपणी ‘छोटा चेतन’ पाहिला होता, 1998 मध्ये तो हिंदीत आला तेव्हा. मूळ मल्याळम, 1984 चा, आपल्या देशातला पहिला थ्रीडी सिनेमा. वस्तू अंगावर यायच्या आणि आम्ही पोरं हात पुढे करून ओरडायचो. पण मनात राहिला तो प्रसंग वेगळाच आहे. मुलं भिंतीवरून चालत चालत छतावर जातात. त्यासाठी त्या लोकांनी खरोखर फिरणारी खोली उभारली होती. तिथेही कुणीतरी बसून, विचार करून, वेळ देऊन ते केलं होतं.

आजची तक्रार एकच आणि ती सिनेमाची नाही. आमच्या जवळच्या मल्टिप्लेक्समधलं चित्र अंधारं होतं. रात्रीच्या प्रसंगांत चेहरे ओळखू येईनात. चष्मा नाकावरून खाली केला की पडदा लख्ख, वर केला की पुन्हा सगळं काळवंडलेलं. साध्या सिनेमासाठी पडद्यावरच्या उजेडाचं प्रमाण 14 फूट-लँबर्ट (हे तो उजेड मोजायचं एकक) असं ठरलेलं आहे. थ्रीडीत एकाच प्रोजेक्टरचा उजेड दोन डोळ्यांत वाटला जातो, चष्म्याच्या काचा आणखी खातात, आणि बऱ्याच ठिकाणी डोळ्यांपर्यंत तिसरा हिस्साच पोचतो. प्रोजेक्टरचा दिवा जुना असेल तर तेवढाही नाही. तिकीट जास्त, चष्म्याचे पैसे वेगळे, आणि एवढ्या मेहनतीनं केलेला पेंडोरा, म्हणजे ‘अवतार’चं ते सगळं जग, संध्याकाळी लोडशेडिंग झाल्यागत दिसणार, हे मला मुळीच मान्य नाही.

मंगळवार, 23 डिसेंबर

ऑफिसात जेवताना टीव्हीचा विषय निघाला. एकीला नव्या घरात मोठा टीव्ही घ्यायचाय. बाकीच्यांचं एकच, “थांब गं, जानेवारीत नवे येतील.” दर जानेवारीला लास व्हेगासमध्ये सीईएस हे इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं प्रदर्शन भरतं, बातम्या धडाधड येऊ लागतात, आणि घरात नीट चालत असलेला टीव्ही एका आठवड्यात म्हातारा होतो. मला ह्या बातम्या वाचायला आवडतात. सकाळी चहाबरोबर तेच वाचते. पण 2010 चा जानेवारी आठवला की राग येतो.

पहिला ‘अवतार’ तेव्हा थिएटरात धो धो चालला होता. व्हेगासला सोनी, सॅमसंग, एलजी, पॅनासोनिक सगळे एकसुरात सांगत होते की आता घरोघरी थ्रीडी. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या फुटबॉल विश्वचषकाचे 25 सामने थ्रीडीत चित्रित झाले. अमेरिकेत ईएसपीएननं थ्रीडीसाठी वेगळी वाहिनी काढली, ब्रिटनमध्ये स्कायनं. माझ्या मामांनीही हौसेनं एक थ्रीडी टीव्ही घेतला. चष्मे बॅटरीवर चालणारे होते. डावी काच मिटायची, उजवी उघडायची, सेकंदाला कितीतरी वेळा, टीव्हीच्या तालावर. टीव्हीबरोबर चष्मे मिळाले दोन आणि घरात माणसं पाच. आणखी चष्मे घ्यायचे तर एकेकाची किंमत ऐकून मामी म्हणाल्या, “राहू दे, आम्ही साधाच बघू.” दिवाळीला आम्ही सगळे जमलो तेव्हा दोघांनी थ्रीडी पाहायचं आणि बाकीच्यांनी शेजारी बसून दुहेरी, पुसट चित्राकडे बघायचं, असा प्रकार झाला. अर्ध्या तासात मामांनी स्वतःच थ्रीडी बंद केलं.

पण खरी मेख पुढे आहे. जो सिनेमा पाहून लोक हे टीव्ही घेत होते, तो ‘अवतार’च दुकानात थ्रीडीत मिळत नव्हता! पॅनासोनिकशी करार झालेला होता. थ्रीडी डिस्क त्यांच्याच संचाबरोबर मिळायची, इतरांना थेट 2012 च्या ऑक्टोबरात मिळाली. सॅमसंगकडे दुसरे सिनेमे असेच बांधलेले होते. प्रत्येकानं आपापली एक चीज कुलपात ठेवली आणि गिऱ्हाइकाच्या हातात रिकामं यंत्र आलं. 2013 मध्ये ईएसपीएनची थ्रीडी वाहिनी बंद पडली, 2015 मध्ये स्कायची. 2017 येईपर्यंत शेवटी उरलेल्या एलजी आणि सोनीनंही असे टीव्ही बनवणं थांबवलं.

लोकांना चष्मा नको होता म्हणून हे बुडालं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मला ते पटत नाही. रविवारी भरलेल्या थिएटरात सव्वातीन तास चष्मा लावून बसलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यात साठी ओलांडलेले आजोबाही होते. बघण्यासारखं असेल तर माणूस चष्मा लावतो. यंत्र आधी आणि सिनेमे नंतर कधीतरी, असा उलटा कारभार होता म्हणून ते बुडालं. पहिला ‘अवतार’ घडायला किती वर्षं लागली आणि टीव्हीवाल्यांनी दुकानं मांडायला किती महिने घेतले, एवढं बघितलं तरी पुरे.

हे सगळं आता का, तर तीच हाक पुन्हा ऐकू येतेय. ॲपलनं 2 फेब्रुवारी 2024 ला व्हिजन प्रो हा डोळ्यांवर चढवायचा संच विकायला काढला, 3,499 डॉलरला, आणि त्यात थ्रीडी सिनेमे बघता येतात हे आवर्जून सांगितलं. 2024 च्या डिसेंबरात, असेच संच विकणाऱ्या मेटानं (फेसबुकवाल्या) कॅमेरॉनच्या लाइटस्टॉर्म व्हिजन या कंपनीशी थ्रीडीसाठी हात मिळवले. चित्राच्या दर्जाबद्दल शंका नाही. प्रत्येक डोळ्यासमोर स्वतंत्र पडदा आहे, त्यामुळे उजेड वाटला जाण्याचा प्रश्नच येत नाही. पण ते एकट्यानं बघायचं. शेजारी बसलेल्या माणसाला कोपर मारून “बघितलंस का!” म्हणायची सोय नाही. आणि सिनेमे? या वेळी तरी आधी सिनेमे होऊ द्या.

शुक्रवार, 26 डिसेंबर

नाताळच्या सुट्टीला मावसभाऊ पुण्याहून आलाय. त्यानं उमेदीची वर्षं तिथल्या एका स्टुडिओत थ्रीडी कन्व्हर्जनच्या कामात काढली. हॉलिवूडचे बरेचसे थ्रीडी सिनेमे साध्या कॅमेऱ्यानंच चित्रित होतात आणि नंतर थ्रीडी केले जातात. या कामाचा मोठा भाग आपल्याकडे होत आलाय, मुंबईत आणि पुण्यात. सुपरहिरोंच्या सिनेमांत आपल्याला जी तिसरी मिती दिसली, तिच्यातली बरीच आपल्याच पोरांनी रात्रपाळीत बसून घातलेली आहे. ही गोष्ट शाळेत शिकवावी अशी आहे.

आज दुपारी त्याला सविस्तर विचारलं. आधी रोटो. फ्रेममधला प्रत्येक माणूस, हात, बोटं, मागची खुर्ची, सगळ्यांची कड एकेक करून आखायची. चार सेकंदांचा शॉट म्हणजे 96 फ्रेम. मग डेप्थ: काय किती जवळ, किती लांब, ते करड्या छटांमध्ये भरायचं, जवळचं पांढऱ्याकडे, लांबचं काळ्याकडे. शेवटी पेंट. दुसऱ्या डोळ्यासाठी माणूस जरा बाजूला सरकवला की त्याच्यामागे भोक पडतं. तिथे कॅमेऱ्यानं काही पाहिलेलंच नसतं, ते रंगवून भरायचं.

“चेहरा सगळ्यात अवघड, ताई,” तो म्हणाला. “नाक पुढे, गाल मागे, कान त्याच्याही मागे, आणि हे सगळं माणूस मान वळवेल तसं बदलत जाणार. नाहीतर पुठ्ठ्याचा दिसतो. मोकळे केस नाहीतर पाणी असलेला शॉट कुणाच्या वाट्याला आला की आम्ही त्याला चहा पाजायचो.”

मी त्याला ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’चं विचारलं. 2010 चा. शूटिंग साधं झालेलं होतं. ‘अवतार’ची कमाई पाहून स्टुडिओनं ऐन वेळी ठरवलं की थ्रीडीतच आणायचा. आपल्या मुंबईच्या प्राइम फोकस स्टुडिओकडे काम आलं आणि हातात होते सुमारे दहा आठवडे. सिनेमा आला आणि जगभर हसं झालं, केस डोक्याला चिकटवल्यासारखे दिसतात म्हणून. तेव्हापासून कन्व्हर्जन म्हणजे नकली, वाईट, असं लोकांच्या मनात बसलं ते बसलंच.

पण दोन वर्षांनी, 2012 च्या एप्रिलमध्ये, ‘टायटॅनिक’ थ्रीडीत आला. 1997 चा सिनेमा, म्हणजे तोही कन्व्हर्जनच. त्याला 60 आठवडे दिले आणि 1 कोटी 80 लाख डॉलर. बुडताना जहाज उभं राहतं तेव्हा खाली समुद्र किती खोल गेलेला दिसतो! तंत्र तेच, फक्त आठवडे सहापट. वाईट थ्रीडीचं खापर ज्यांच्यावर फुटलं, त्यांना कुणी वेळच दिला नव्हता, हे मला आज मोठ्यानं म्हणायचं आहे. मराठीतही 2013 मध्ये ‘झपाटलेला 2’ थ्रीडीत करायचं धाडस महेश कोठाऱ्यांनी केलं, आपल्या बाजारात त्याला बळ किती लागलं असेल याची मला कल्पना आहे, म्हणून तात्या विंचूबद्दल माझ्या मनात माया आहे.

भाऊ आता रोटो करत नाही. कडा आखायचं बरंचसं काम संगणक स्वतः करू लागलाय, तो त्याचं काम तपासतो. हाताखाली माणसं कमी झालीत. या वर्षीच्या फेब्रुवारीत टेक्निकलर हा दृश्य परिणामांचं काम करणारा समूह कोसळला आणि बंगळुरूत हजारो जणांची नोकरी गेली, त्यात त्याचे दोन मित्र. 2013 मध्ये ‘लाइफ ऑफ पाय’ला दृश्य परिणामांचं ऑस्कर मिळालं, तेव्हा ते काम करणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूजनं नुकताच दिवाळखोरीचा अर्ज केला होता, आणि पुरस्कार घेणारा त्याबद्दल बोलायला लागताच मंचावरचा मायक्रोफोन बंद झाला. भाऊ तेव्हा नवखा होता. म्हणाला, ती चित्रफीत आम्ही जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून पाहिली, आणि नंतर कुणी काही बोललंच नाही, सगळे उठून कामाला लागले.

मी विचारलं, तुझं नाव कुठल्या सिनेमाला आहे? एकाला आहे. बाकीच्यांत स्टुडिओचं नाव येतं आणि खाली मोजकी दहा-पंधरा माणसं. कोणाकोणाची घालायची ते करारातच ठरलेलं असतं. जिथे आहे तिथे थांबवून मावशीनं टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून ठेवलाय, तो आज मला दाखवला. बारीक अक्षरांच्या चार ओळींत त्याची एक.

तो म्हणतोय पुण्याला ये, खराडीला जाऊ. तिथे जुलैत देशातलं पहिलं ‘डॉल्बी सिनेमा’ थिएटर सुरू झालंय, दोन लेझर प्रोजेक्टरचं. ऑनलाइन तिकीट काढताना आपल्याला भाषा कळते, खुर्चीचा नंबर कळतो, पॉपकॉर्नचे दर कळतात. प्रोजेक्टर कुठला, चष्म्यातून उजेड किती पोचेल, हे कुठेच लिहिलेलं नसतं. थ्रीडीचे जास्त पैसे घेणाऱ्या प्रत्येक थिएटरनं ते लिहायला हवं. आणि स्टुडिओंनी नावं घालावीत, सगळीच्या सगळी. ‘अवतार’चा चौथा भाग 2029 ला आणि पाचवा 2031 ला आणायचा म्हणतात. सव्वातीन तास बसणारी माणसं आणखी पाच मिनिटं खुशाल बसतील.