पणजीचं काम बघायला जाताय? मुकादमांना बरोबर घ्या

सिंधुदुर्गातल्या आमच्या छोट्या नगरपरिषदेतून आम्ही काहीजण गोव्याला जाऊन आलो. दोन मुकादम, घंटागाडीचा एक चालक, खताच्या शेडवर काम करणाऱ्या बचत गटातल्या बायका, आरोग्य निरीक्षक, एक नगरसेवक आणि प्रभागात काम करणारी मी. पणजी आपला कचरा कसा सांभाळते, भरतीच्या पाण्याशी कसं निभावते आणि त्यातलं आपल्याला काय उचलता येईल, हे बघायचं होतं. असा दौरा काढायचं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पणजीच का, हा प्रश्न सभेत आला होता. इंदूरला जाऊ या, असा काहींचा आग्रह होता. इंदूरचं काम मोठंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण 2011 च्या जनगणनेत इंदूर 19 लाखांच्या पुढे होतं आणि पणजी शहर 40 हजारांचं. सावंतवाडी 24 हजारांच्या आत, वेंगुर्ले 12 हजारांच्या आसपास. मोठ्या शहराची यंत्रं बघून आपण भारावून परत येतो आणि अंदाजपत्रक उघडलं की सगळं तिथेच थांबतं. शिवाय पणजीचा पाऊस आपला, मातीही आपली, आणि आपल्यासारखीच खाडी दाराशी. 2003 साली पणजीने रस्त्यावरच्या कचराकुंड्या काढून घरोघरी कचरा गोळा करण्याची मोहीम घेतली. पुढे 2016 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने शहरांची पाहणी केली, तेव्हा अलप्पुळा, पणजी आणि म्हैसूर ही नावं सगळ्यांत वर होती. तिघांची पद्धत वेगळी, आकारही वेगळा. अलप्पुळाचे ट्रक सर्वोदयपुरमच्या गावकऱ्यांनी अडवले, तेव्हा त्या शहराने घरोघरी पाइप कंपोस्ट (उभ्या पाइपात ओल्या कचऱ्याचं खत) आणि बायोगॅस नेला. पणजीने वसाहतींच्या आवारातच खताचे हौद बांधले.

जाण्याआधीचं काम सांगते, कारण अर्धा दौरा तिथेच ठरतो. पणजी महानगरपालिकेच्या आयुक्तांना निदान पंधरा दिवस आधी पत्र द्या. पत्रात येणाऱ्यांची नावं आणि हुद्दे तर लिहाच, पण प्रश्नही लिहा. 'आपल्या उपक्रमांची माहिती मिळावी' असं मोघम लिहिलंत तर सभागृहात बसवून पडद्यावर माहिती दाखवतील आणि चहा देतील. 'ओल्या कचऱ्याच्या हौदाला महिन्याला किती खर्च येतो, पावसाळ्यात काय करता, कचरा मिसळून देणाऱ्या सोसायटीचं काय करता' असं लिहिलंत, तर उत्तर माहीत असलेला माणूस समोर येतो. साळगावचा कचरा प्रक्रिया प्रकल्प गोवा कचरा व्यवस्थापन महामंडळाकडे आहे, त्यांची परवानगी वेगळी घ्यावी लागते. चतुर्थीचे दिवस टाळा. नोव्हेंबरात चित्रपट महोत्सव असतो, तेव्हाही सगळी यंत्रणा त्यात गुंतलेली असते.

आदल्या संध्याकाळीच पणजीत मुक्कामाला जा. काम पहाटे सुरू होतं, ते बांद्याहून सकाळी निघून दिसत नाही. दुचाकीने जाणार असाल तर लक्षात ठेवा, मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकी चालत नाही, जुन्या पुलावरून जावं लागतं. मोठी गाडी असेल तर ती कदंब बसस्थानकाच्या बाजूला लावून पायी फिरा. शहर लहान आहे, आणि पायी फिरल्याशिवाय गटारं दिसत नाहीत.

सकाळी आम्ही एका वसाहतीत गेलो. आमचे फोंड्याचे स्नेही, निवृत्त शिक्षक, मुद्दाम आले होते. त्यांच्यामुळे मराठी, कोकणी आणि कन्नड यांच्यात कुठे अडलं नाही, कारण तिथल्या सफाई कामगारांत कर्नाटकातले बरेच आहेत. आवाराच्या कोपऱ्यात विटांचे चौकोनी हौद होते. हवा खेळावी म्हणून विटांमध्ये फटी ठेवलेल्या. वर पत्रा, बाजूला सुक्या पानांची पोती रचलेली, आणि एका खिळ्याला दोरीने बांधलेली वही. त्या वहीत रोज किती बादल्या ओला कचरा आला आणि कोणत्या इमारतीतून तो मिसळून आला, एवढंच लिहिलेलं. सुक्यासाठी वेगळे डबे: प्लास्टिक, कागद, काच-धातू आणि ज्याचं काहीच होत नाही तो कचरा. पुढे महानगरपालिकेच्या केंद्रावर त्याच सुक्या कचऱ्याचे 16 प्रकार होतात.

आमचे थोरले मुकादम हौदाभोवती दोनदा फिरले. मग हौद परतणाऱ्या बाईंना त्यांनी सरळ विचारलं, "गे बाय, पावसात किडे नाय पडत ह्याका?"

"जातात मरे," त्या म्हणाल्या, "सुकीं पानां चड घालचीं." म्हणजे, होतात की, सुकी पानं जास्त घालायची.

आणि त्यांनी हाताने थर दाखवले. ओला कचरा चार बोटं, वर पानं तेवढीच, पावसाळ्यात पानं दुप्पट. पानं पावसाळ्यात कुठून आणायची? तर फेब्रुवारी-मार्चची पानगळ पोत्यांत भरून ठेवायची, जाळायची नाही. आमच्या शेडमध्ये दर जूनमध्ये वास सुटतो, लोक तक्रार करतात, आम्ही औषध फवारतो. आणि तोवर आमच्याच गावात रस्त्याकडेची पानं झाडून पेटवलेली असतात! मुकादमांनी खिशातली टेप काढून हौदाची लांबी, रुंदी, विटांतली फट, सगळं मोजलं आणि गाडीच्या लॉगबुकच्या मागच्या पानावर नकाशा काढला. नगरसेवकांना म्हणाले, "ह्या आपल्याक जमात." कार्यालयात नंतर झालेली चर्चा चांगली होती, पण या एका वाक्याइतकं मोल मला दुसऱ्या कशाचं वाटलं नाही. जो माणूस उद्या ते काम करणार आहे, त्याने स्वतः बघून 'जमेल' म्हणणं वेगळं आणि साहेबांनी परत येऊन परिपत्रक काढणं वेगळं.

शहरं एकमेकांकडून शिकतात, ते खरं तर असंच. केंद्राने त्यासाठी योजना केल्या आहेत. जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाच्या काळात, 2007 मध्ये, राष्ट्रीय नगर कार्य संस्थेमार्फत शहरांनी एकमेकांचे अनुभव वाटून घ्यावेत म्हणून 'पर्ल' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. इक्लेसारख्या संस्था 1990 पासून जगभरच्या नगरपालिकांना एकत्र आणताहेत. हे हवंच. पण तिथे पोचतात ते आयुक्त आणि महापौर. लहान नगरपरिषदेचा मुकादम नोकरीच्या आयुष्यात दुसऱ्या गावचं काम बघायला जातच नाही. ज्याच्या हाताखाली वीस-पंचवीस माणसं राबतात त्याला आपण एकदाही पाठवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुपारी जेवून (मासळी खाणाऱ्यांनी शीत-कडी चुकवू नये) मळा आणि पाटो भाग बघितला. भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की मळ्यात पाणी भरतं, कारण गटारांतलं पाणी खाडीत उतरूच शकत नाही. पाटोकडून रायबंदरला जाणारा बांधरस्ता पोर्तुगीजांनी 1633-34 मध्ये बांधला, आणि त्याच्या बाजूला खाजन जमिनी, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनी, अजून आहेत. खाजनात मानस असतं, आपल्याकडच्या बांधांवरच्या उघाडीसारखं लाकडी दार. ओहोटीला उघडतं, भरतीला पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतं. पावसाचं पाणी साठवून धरायला या जमिनी हव्यातच. त्यांच्यावर भराव पडला की ते पाणी लोकांच्या घरात येतं. आमच्या गावातही खाडीकाठी भराव पडतोय. आरोग्य निरीक्षकांनी तिथेच ठरवलं की नालेसफाईचं वेळापत्रक भरतीच्या तक्त्याप्रमाणे लावायचं. खर्च शून्य. हा भाग बघायचा असेल तर अमावास्या किंवा पौर्णिमा धरून जा, तेव्हा उधाणाचं पाणी कुठवर चढतं ते दिसतं. आणि एकदा तरी भर पावसात जा. हिवाळ्यात कुठलीही नगरपालिका छानच दिसते.

जे बिघडलं त्याबद्दलही विचारा, नम्रपणे पण नक्की. पणजीत स्मार्ट सिटीच्या कामांसाठी एकाच वेळी इतके रस्ते खोदले गेले की धुळीचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेलं. मलवाहिनी, पाणी आणि केबल यांचं खोदकाम कोणत्या क्रमाने करायचं हे आधी ठरवायला हवं, हा धडा आमच्या पाणीयोजनेला आत्ता हवा आहे. मडगावच्या सोनसडो डेपोवर वर्षानुवर्षांच्या कचऱ्याचा ढीग होता, मे 2019 मध्ये तो पेटला आणि धुराने आजूबाजूचे लोक हैराण झाले. आम्ही तिथे गेलो नाही, पण पणजीतल्या गप्पांत सोनसडोचा विषय सारखा निघत होता. एकाच राज्यात, तासाभराच्या अंतरावर, एका शहराने कचरा सुरुवातीलाच वेगळा केला आणि दुसरीकडे त्याचा डोंगर झाला.

साळगावला दुसऱ्या दिवशी. 2016 मध्ये जुन्या कचरा डेपोच्या जागीच हा प्रकल्प उभा राहिला. सुरुवातीची क्षमता दिवसाला 100 टन, नंतर ती 250 टनांपर्यंत वाढवली. ओल्या कचऱ्यापासून गॅस, गॅसपासून वीज, उरलेल्याचं खत, आणि ज्याचं काही होत नाही त्याचे गठ्ठे कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांना. यंत्रसामग्री भव्य आहे. ती आपल्यासाठी नाही, हे आम्हाला दहा मिनिटांत कळलं. मात्र आसपासच्या पंचायतींचा कचरा एका ठिकाणी आणण्याची कल्पना घेण्यासारखी आहे. कुडाळ, सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ले यांनी निदान सुक्या कचऱ्याचे गठ्ठे दाबून बांधणारं बेलिंग मशीन एकत्र घेतलं तर प्रत्येकाचा ट्रकभाड्याचा खर्च उतरेल. साळगावला चप्पल घालून जाऊ नका, बूट हवेतच. फोटो विचारून काढा, विशेषतः काम करणाऱ्या माणसांचे.

परतताना वेंगुर्ल्याला थांबा. तिथल्या डेपोचं पर्यटनस्थळ कसं झालं हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं आहे, लोक तिकीट काढून कचरा डेपो बघायला गेले. त्या वेळचे मुख्याधिकारी रामदास कोकरे बदली होऊन कर्जतला गेले आणि तिथेही त्यांनी हेच काम उभं केलं. महाराष्ट्रात ज्ञान बहुतेक वेळा असं बदलीच्या आदेशाबरोबर प्रवास करतं. म्हणून वेंगुर्ल्यात कामगारांना हे विचारा: साहेब गेल्यावर काय टिकलं, काय सुटलं? सुरुवातीपासून असलेल्या माणसाला शोधा, त्याच्याजवळ अर्धा तास बसा.

परत आल्यावर आठवड्याच्या आत एक हौद बांधायला घ्या, एकाच प्रभागात. आमचा विटांचा हौद शाळेमागे उभा राहिला आहे, मुकादमांच्या लॉगबुकातल्या मापाने. पानांची पोती भरायला बचत गटाने सुरुवात केली आहे. दौऱ्याचा खर्च आणि अहवाल सर्वसाधारण सभेपुढे ठेवा, अहवालात मुकादम आणि चालक यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत घाला. आणि पणजीच्या कामगारांना उलट निमंत्रण द्या. आम्ही पत्र पाठवलं आहे, त्यात खास उल्लेख हौदावर भेटलेल्या बाईंचा आहे. जून सरता सरता त्यांनी येऊन आमचा हौद परतून बघावा, अशी विनंती केली आहे.